बाजार उघडला, पण शिकलं कोण?

गेल्या अंकात मी १९९१ च्या उन्हाळ्याबद्दल लिहिलं होतं. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं, रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं गहाण पडलं आणि त्यानंतर देशाची दारं एकेक करून उघडत गेली. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली चार इथे घेते आहे. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तो प्रश्न माझ्या माहेरच्या बागेतलाच आहे.

प्रश्न : बाई, माझा मुलगा स्पर्धा परीक्षा देतोय. त्याच्या पुस्तकात एका ओळीत दिलंय की जागतिकीकरणामुळे विकसनशील देशांची दीर्घकालीन आर्थिक वाढ होते. माझे सासरे चाळीस वर्षं द्राक्षं आणि बेदाणा करतात. ते म्हणतात, जागतिकीकरणानं शेतकरी बुडाला. जेवताना रोज वाद होतो. मुलानं परीक्षेत काय लिहावं आणि मी घरात काय बोलावं?
— एक शिक्षिका, तासगाव

उत्तर : आधी सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. २०१० च्या उन्हाळ्यात माझा भाऊ अगदी हेच बोलत होता, आणि तेव्हा त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द नव्हते. एकतीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवूनही नव्हते.

आमचं गाव निफाड तालुक्यात. भावाची चार एकर थॉमसन जातीची द्राक्षं. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं, त्यातूनही बाग बऱ्यापैकी वाचली होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढला. सोळा मिलिमीटरच्या वरचा मणी, गोडी चांगली, घड असे की वाटावं, देवापुढे ठेवावेत. माल पॅकहाउसला गेला, प्रीकूलिंग झालं, कंटेनर न्हावाशेवाहून युरोपात, रॉटरडॅमला निघाला. निर्यातदारानं थोडी उचल दिली होती, बाकीचे पैसे तिकडे माल विकल्यावर.

मग बातमी आली की तिकडच्या प्रयोगशाळेत द्राक्षांत सीसीसी सापडलं. म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. तुमच्या सासऱ्यांना हे औषध सांगायला नको. एप्रिल छाटणीनंतर वेलीची वाढ रोखावी, काडीत घड चांगले तयार व्हावेत म्हणून ते मारत असत. आमच्याकडे सगळेच मारायचे. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे टनभर द्राक्षांत ५० मिलिग्रॅम. एप्रिलमध्ये मारलेलं औषध दहा महिन्यांनी घडात उतरतं, हे आमच्या शिवारात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आपल्याकडे निर्यातीआधी ज्या औषधांची तपासणी व्हायची, त्या यादीतही ते नव्हतं. नुसता आमचा नाही, त्या हंगामात महाराष्ट्रातला पुष्कळ माल युरोपात अडकला. भावाला उरलेले पैसे मिळाले नाहीतच, वर तिकडे माल नष्ट करण्याच्या खर्चाचा हिशेब आला. वहिनीनं तो कागद देवघरातल्या फळीवर ठेवला होता. का, ते मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी कुणी मला म्हणालं असतं की जागतिकीकरणानं वाढ होते, तर मी ऐकून घेतलं नसतं.

आता त्यापुढची पंधरा वर्षं सांगते. सीसीसी तपासणीच्या यादीत आलं. भावानं ते सोडलं. त्याऐवजी सबकेन करणं (मुख्य फुटीचा शेंडा खुडून बगलफूट वाढवणं), वेळेवर शेंडा मारणं, पाण्याचा ताण हे सगळं तो शिकला. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचे आणि बागायतदार संघाचे लोक बागांत येऊन सांगायचे. चार-पाच जणांनी मिळून प्लॉट बघायचे, एकाची चूक दुसऱ्यानं टाळायची. फवारणीची वही आली. कोणतं औषध, कोणत्या दिवशी, काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं, सगळं त्यात. ती वही आज माझा पुतण्या मोबाइलवर ठेवतो. माल काढण्याआधी बागेतून नमुना जातो आणि अहवाल आल्याशिवाय कात्री लागत नाही. याच बागेतली द्राक्षं निम्मी तरी देशातच विकली जातात, म्हणजे हे शिकणं फक्त युरोपच्या गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं झालं नाही.

अर्थशास्त्रातली दीर्घकालीन वाढ नेमकी इथे असते. निर्यातीचा पैसा एका हंगामाचा. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते, कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले, भाडं वाढलं, माल उशिरा पोचला, पैसा पुन्हा कमी झाला. पण शिकलेलं कमी झालं नाही. तीच जमीन, तेच पाणी, तितकेच हात आणि त्यांतून जास्त मोलाचं काहीतरी निघणं, वर्षानुवर्षं निघत राहणं, याला वाढ म्हणायचं. पॉल रोमर यांना २०१८ साली नोबेल मिळालं ते ज्ञान आणि वाढ यांच्या अशाच नात्यावरच्या कामासाठी.

मुलाला एक हिशेब शिकवा. सत्तरला दरडोई वाढीच्या टक्क्यानं भागा, तितक्या वर्षांत उत्पन्न दुप्पट होतं. स्वातंत्र्यानंतर १९८० पर्यंत आपलं राष्ट्रीय उत्पन्न वर्षाला साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढायचं, लोकसंख्या दोन टक्क्यांहून जास्त. दरडोई उरतात सव्वा-दीड टक्के. म्हणजे दुप्पट व्हायला जवळपास पन्नास वर्षं, एका माणसाचं कमावतं आयुष्य संपून वर काही. पाच टक्के असतील तर चौदा वर्षं. माझे वडील आणि माझा पुतण्या यांच्या आयुष्यात जो फरक आहे, त्यातला मोठा भाग या भागाकारात आहे. मात्र हेही त्याला सांगा की आपला वेग १९९१ च्या आधीच, १९८० च्या सुमारास वाढायला लागला होता. सगळं श्रेय एका वर्षाला देणारं पुस्तक असेल तर ते बाजूला ठेवावं.

आणि दार उघडलं की वाढ आपोआप आत येते, हे तर अजिबात खरं नाही. मेक्सिकोचा अमेरिका आणि कॅनडाशी मुक्त व्यापाराचा करार १९९४ साली लागू झाला. निर्यात प्रचंड वाढली. पण त्यानंतरच्या दशकांत दरडोई उत्पन्न वर्षाला एखाद्या टक्क्यानंच वाढलं. सीमेजवळच्या कारखान्यांत सुटे भाग बाहेरून यायचे, जोडले जायचे आणि परत जायचे. देशातल्या बाकीच्या धंद्यांना त्यातून शिकायला फार थोडं मिळालं. आपल्या इतिहासातही असं झालंय. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश, वऱ्हाडात पैसा आला, मुंबईत शेअरांचा उन्माद झाला. युद्ध संपलं, १८६५ मध्ये सगळं कोसळलं. तेजीत सावकारानं सढळ हातानं दिलेलं कर्ज पुढे आकसलं, त्यात वाढीव शेतसाऱ्याची भर पडली आणि १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. कापूस पिकवणाऱ्या गावात तेजी येऊन गेली, पण बी, रस्ता, शाळा, पतपुरवठा यातलं फारसं काही बदललं नाही.

सासऱ्यांचा राग मला अजून एका कारणानं पटतो. आमच्या बागेत थिनिंगला (घडातले मणी विरळ करायला), डिपिंगला (घड औषधात बुडवायला) पेठ आणि सुरगाण्याहून बायका येतात. घडातला मणी कुठला ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे त्यांच्या बोटांना माझ्या भावाहून जास्त कळतं. त्यांच्या हातावर युरोपचा बाजार उभा आहे. पण त्यांची मुलं हंगामात शाळा सोडून बागेच्या बांधावर असतात. त्या मुलांच्या वाट्याला शिकणं आलं नाही, तर पुढच्या तीस वर्षांची वाढ आपण आत्ताच गमावतोय. हे मी गावातल्या बैठकीत बोलते तेव्हा लोक गप्प होतात. तरी मी बोलते.

मुलानं परीक्षेत लिहावं : जागतिकीकरणामुळे वाढीची संधी मिळते, ती टिकते की नाही हे त्या देशातले लोक, शाळा, संशोधन संस्था आणि पतव्यवस्था यांवर ठरतं. दोन उदाहरणं द्यावीत, एक जमलेलं आणि एक फसलेलं. घरात तुम्ही काही बोलू नका. सासऱ्यांना विचारा की २०१० नंतर त्यांनी बागेत काय बदललं. मुलाला ते लिहून घ्यायला बसवा.

प्रश्न : मॅडम, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे यंत्रमाग आहेत, त्यातले निम्मे बंद. बाबा म्हणतात, बांगलादेशनं आपला धंदा खाल्ला. तिथं तर कापूसही फारसा पिकत नाही. मग ते एवढे पुढे गेले कसे?
— एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर १३० माणसांत आहे.

१९७४ पासून श्रीमंत देशांनी कापडाच्या आयातीवर देशवार कोटे लावले होते. दक्षिण कोरियाचा कोटा भरत आला, तेव्हा तिथल्या दाएवू कंपनीनं जिथं कोटा नाही असा देश शोधला. चितगावमध्ये देश गारमेंट्स नावाची नवी कंपनी उभी राहत होती. करार झाला आणि १९७९ साली या कंपनीनं १३० जणांना कोरियातल्या बुसानच्या कारखान्यात सहा महिने शिकायला पाठवलं. त्यांत काही मुलीही होत्या. कटिंग कसं लावायचं, शिलाईची लाइन कशी बसवायची, तयार माल कसा तपासायचा, परदेशी गिऱ्हाइकाशी कागदपत्रं कशी करायची, सगळं ते शिकून आले. १९८० साली शर्ट बाहेर जायला लागले.

पुढच्या काही वर्षांत त्यातल्या शंभराहून जास्त जणांनी ती कंपनी सोडली. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. देश गारमेंट्सच्या दृष्टीनं हे नुकसान, पण बांगलादेशच्या दृष्टीनं या १३० माणसांनी सगळा धंदा पेरला. सरकारनंही दोन गोष्टी नीट केल्या. निर्यातीसाठी आणलेलं कापड बॉन्डेड गोदामात, कर न भरता ठेवायची सोय दिली. आणि परदेशातून आलेल्या ऑर्डरच्या पतपत्रावरच, म्हणजे पैसे मिळण्याच्या बँकेच्या हमीवरच, कापड खरेदीचं दुसरं पतपत्र काढू दिलं. म्हणजे भांडवल नसलेला माणूसही कारखाना सुरू करू शकला. कापूस नसल्याची अडचण अशी सुटली. आज तिथल्या निर्यातीत ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे आणि सुमारे चाळीस लाख लोक त्यात काम करतात, बहुतांश बायका. ज्या घरातून मुलगी पहिल्यांदा पगार घेऊन आली, त्या घरातल्या धाकट्या मुलींची शाळा आणि लग्नाचं वय दोन्ही बदललं.

त्याच काळात आपण काय केलं? तयार कपडे शिवणं लघुउद्योगांसाठी राखून ठेवलं. हेतू वाईट नव्हता, पण त्यामुळे मोठा कारखाना उभा राहू शकला नाही, आणि हजारो नगांची ऑर्डर एका मापानं, एका तारखेला देणं लहान शेडला जमेना. हे आरक्षण उठायला सुरुवात व्हायलाच २००० साल उजाडलं. २००५ च्या १ जानेवारीला जगातले कोटे संपले, तोवर बांगलादेशचा पाव शतकाचा अभ्यास झाला होता. तेव्हा बाबांना सांग, धंदा खाल्ला असं नाही. आपल्याला शिकायला उशीर झाला, आणि तो उशीर करण्यात इचलकरंजीच्या माणसाचा दोष सगळ्यात कमी होता.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती तुला माहीत असायला हवी. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ साभारमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. ११०० हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवली गेली, पण शिवणकाम करणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी वर बोलावलं गेलं. त्यानंतर परदेशी खरेदीदार आणि कामगार संघटना यांच्यात बांधील करार झाला, कारखान्यांची तपासणी झाली, बरेच दुरुस्त झाले, काही बंद पडले. एवढी माणसं मेल्यावर. वाढीचा आकडा शिकवताना मी वर्गात ही तारीख नेहमी फळ्यावर लिहायची.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तुमचे निम्मे माग अजून चालू आहेत. ते चालवणाऱ्याला काय येतं, याची यादी कर. साधा माग की शटललेस (धोट्याविना चालणारा), कोणतं कापड, कोणत्या गिऱ्हाइकाला. हाच तुझ्या प्रकल्पाचा विषय घे.

प्रश्न : १९९१ नंतर आपण परदेशी मालाला दारं उघडली आणि आज खेळण्यापासून मोबाइलच्या भागांपर्यंत सगळं चीनहून येतं. आयात कर पुन्हा वाढवून सगळं इथंच का बनवू नये? कोरियानंही सुरुवातीला हेच केलं ना?
— निवृत्त अभियंता, ठाणे

उत्तर : कोरियाचं अर्धंच उदाहरण आपल्याकडे सांगितलं जातं, म्हणून तुम्ही ते विचारलंत याचा आनंद झाला.

हो, कोरियानं आपले उद्योग जपले. परदेशी मोटारींना तिथे कित्येक वर्षं जवळपास दार बंद होतं. पण ज्यांना संरक्षण आणि स्वस्त कर्ज मिळायचं, त्यांना निर्यातीचं उद्दिष्ट दिलेलं असायचं. जो बाहेरच्या बाजारात माल विकून दाखवेल, त्याला पुढचं कर्ज. १९६४ साली कोरियाची वर्षाची निर्यात १० कोटी डॉलरला पोचली, तेव्हा त्यांनी तो दिवस निर्यात दिन म्हणून साजरा केला. १९७७ साली ती १००० कोटी डॉलर झाली. तेरा वर्षांत शंभरपट. घरात भिंत होती, पण परीक्षा बाहेर द्यावी लागत होती.

आपण भिंत बांधली आणि परीक्षा ठेवली नाही. माझ्या वडिलांनी स्कूटरची नोंदणी केली तेव्हा मी आठवीत होते. स्कूटर आली तेव्हा मी एम.ए. झाले होते. गिऱ्हाईक इतकी वर्षं रांगेत उभं राहणार असेल, तर कारखान्यानं चांगली स्कूटर बनवायला शिकायचं कशासाठी? १९९१ च्या अर्थसंकल्पात आयात कराचा कमाल दर १५० टक्क्यांवर आणला, तोसुद्धा कमी करून. २००७-०८ पर्यंत शेतीबाहेरच्या मालावरचा कमाल दर १० टक्क्यांवर आला. या काळात पुणे-चाकण पट्ट्यातले सुटे भाग बनवणारे संपतील, असं पुष्कळ लोक म्हणत होते. माझ्या वर्गमित्रानं भोसरीत छोटं युनिट काढलं होतं, तोही रडकुंडीला आला होता. पण परदेशी मोटार कंपन्या इथे आल्या, त्यांनी मोजमापाची कडक शिस्त लावली आणि त्याचं युनिट त्या शिस्तीतून पार पडलं. शेजारच्या दोन युनिटांना ते जमलं नाही, हेही खरं. तिथल्या कामगारांना पुन्हा तसा पगार मिळाला नाही. त्यांच्यासाठी नवं काम शिकायची सोय व्हायला हवी होती. ती झाली नाही, आणि याबद्दल मला अजून चीड येते.

म्हणून कर वाढवायचा असेल तर माझे दोन प्रश्न असतात : किती वर्षांसाठी, आणि त्या बदल्यात कारखाना काय शिकून दाखवणार? याची उत्तरं आधी लिहून द्या, मग कर लावा. आणखी एक गोष्ट तुम्हाला अभियंता म्हणून पटेल. मोबाइलच्या सुट्या भागावर कर लावला की इथे मोबाइल जोडणाऱ्याचा खर्च वाढतो आणि त्याची निर्यात अडते. आजच्या काळात एकाचा पक्का माल हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो.

प्रश्न : ताई, तुम्ही जागतिक बाजाराचं कौतुक करता. आमचा कांदा साठवणुकीच्या चाळीत असताना सरकारनं निर्यात बंद केली. मग आमच्यासाठी कसला जागतिक बाजार?
— कांदा उत्पादक, येवला तालुका

उत्तर : दादा, तुमचा राग रास्त आहे. तारखा मांडल्या की तो किती रास्त आहे ते वाचकांनाही कळेल. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला पूर्ण बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला.

प्रत्येक बंदीनं शहरातला भाव थोडे दिवस उतरला असेल. पण ढाका, कोलंबो, दुबईच्या व्यापाऱ्यानं त्या दिवसांत पाकिस्तान, चीन, इजिप्तचा कांदा घ्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक बांधायला दहा वर्षं लागतात आणि ते तुटायला एक अधिसूचना पुरते. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डंकेल प्रस्तावाला, म्हणजे शेतमालासह जागतिक व्यापार खुला करण्याच्या मसुद्याला, पाठिंबा दिला, तेव्हा आमच्या कॉलेजात त्यांच्यावर किती टीका व्हायची! मीसुद्धा करत होते. शेतकऱ्याला बाहेरच्या स्पर्धेपेक्षा आपल्याच सरकारच्या बंधनांनी जास्त मारलंय, हा त्यांचा मुद्दा मला कांद्याच्या बाबतीत तरी फार उशिरा पटला.

तुमच्या प्रश्नाचा वाढीशी थेट संबंध आहे. भाव पडला तर शेतकरी एक हंगाम बुडतो. पण धोरण कधी बदलेल याचा भरवसा नसेल, तर तो चांगली चाळ बांधत नाही, टिकाऊ वाणावर खर्च करत नाही, प्रतवारी शिकत नाही. जे द्राक्षात घडलं ते कांद्यात घडायला सगळं होतं, लासलगावसारखी बाजारपेठ होती, कसबी शेतकरी होता. फक्त बाजार उघडा राहील, याची खात्री नव्हती. शहरातल्या गरिबाला कांदा परवडला पाहिजे, यात वाद नाही. त्यासाठी सरकारनं बाजारभावानं खरेदी करून साठा करावा आणि महागाईत तो बाहेर काढावा. त्याचा खर्च सगळ्या देशानं उचलावा, येवल्याच्या शेतकऱ्यानं एकट्यानं नाही.

तुम्ही पत्रात चाळीचा उल्लेख केला आहे. ती साधी आहे की खालून हवा खेळणारी, आणि यंदा उन्हाळ कांद्यात घट किती आली, तेवढं पुढच्या पत्रात जरूर कळवा. पुढच्या महिन्यात साठवणुकीवरच लिहायचं मनात आहे.